आजींवरची बंदी

ताई, तुम्ही वारलात हे जुईला मीच सांगितलं, आणि तुमच्या पद्धतीने सांगितलं. समोर न बसता शेजारी बसले, तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं नाही, कागदावर तुमचं चित्र काढलं, चष्मा आणि बॉबकट. म्हटलं, "यशोधरा मॅडम मर गईं. उनका शरीर बंद हो गया. अब वो स्कूल नहीं आएंगी." स्वयंपाकघरातून सासूबाई हातातलं उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "अगं, मर गईं काय म्हणतेस लेकरापुढं. देवाघरी गेल्या म्हण." मी म्हटलं, "तसं म्हटलं तर ही उद्या विचारेल परत कधी येणार, आणि बुधवारी त्यांच्या तासाला वाट बघत बसेल." त्या उलथनं घेऊन आत गेल्या. जुईने कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "बुधवार को कौन?" मी म्हटलं, "पता नहीं." ती म्हणाली, "पता करो," आणि उठून गेली. तिने तुमच्यासाठी रडावं असं मला वाटत होतं. ती रडली नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तिचं दुःख तुमच्या सोयीने कशाला दिसायला हवं.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी सहा वर्षं सांगितलेली नाही. तुमच्याशी मी तावातावाने भांडले, तुम्हाला माफी मागू दिली, आणि ज्या चुकीसाठी मागू दिली तिच्यात माझा वाटा किती होता हे मात्र गिळून बसले. लगेच लिहायला धीर होत नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

जुई चार वर्षांची होती. गुरुग्राममधल्या एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर तुमचं सेंटर होतं, खाली मोबाईलची दुकानं. ऑटिझम हा शब्द तोवर दोन डॉक्टरांनी आम्हाला सांगून झाला होता आणि दोन्ही वेळा मी घरी येऊन रडून झाले होते. माझा नवरा महेश मानेसरच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून आला होता, आयकार्ड अजून गळ्यातच. तुम्ही जमिनीवर बसला होतात, आम्ही खुर्च्यांवर. जुई खेळण्यातल्या ट्रकचं एकच चाक चाळीस मिनिटं फिरवत होती आणि मी दर दोन मिनिटांनी तिचं तोंड तुमच्याकडे वळवत होते. शेवटी तुम्ही माझा हात बाजूला केलात. "रहने दीजिए. वो कान से सुनती है, आँख से नहीं." महेश माझ्या कानाशी पुटपुटला, "चल, इथेही तेच प्रवचन." तुम्ही मान वर न करता मराठीत म्हणालात, "प्रवचन नाही देत मी. बसा बाप्पा दहा मिनिटं." महेशचं तोंड बघण्यासारखं झालं. तुम्ही अमरावतीच्या, आम्ही साताऱ्याकडचे. पुढची दहा मिनिटं दिल्लीत चांगली ज्वारी कुठे मिळते यावर गेली, आणि वर्षभरात पहिल्यांदा जुईला घेऊन कुणासमोर बसताना मला लाज वाटली नाही. हे तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. तेही राहिलं.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला सल्ला दिलात. घरात मराठी, सोसायटीत हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, मोबाईलवर तिन्ही, अशा माऱ्यात या मुलीला कुठलाच शब्द धरता येत नाही, तेव्हा सध्या एक भाषा धरा. हिंदी धरा, कारण बाहेर तीच आहे. तेव्हा सगळे हेच सांगायचे. तुम्हालाही तसंच शिकवलेलं होतं. मग तुम्ही आम्हाला दारापर्यंत सोडायला आलात आणि तिथे आणखी एक वाक्य बोललात. त्या वाक्याकडे मी नंतर येते.

घरी सासूबाई होत्या. तुम्ही त्यांना कायम आजीच म्हणालात, म्हणून मीही इथे आजीच म्हणते. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्या बाराव्या मजल्यावर राहायला आल्या. हिंदी त्यांना टीव्हीपुरती कळते, बोलता येत नाही. मी पर्स ठेवायच्या आधी सांगून टाकलं, "मॅडमनी सांगितलंय, मराठी बंद. जुईसमोर कुणी मराठी बोलायचं नाही." महेशने विचारलं, "बिल्कुल?" मी म्हटलं, "बिल्कुल." आजी म्हणाल्या, "मग मी काय बोलू तिच्याशी?" मी म्हटलं, "हिंदी बोला. नाही जमलं तर राहू द्या."

महिनाभर त्यांनी प्रयत्न केला. "जुई, पानी पेती क्या? जुई, इकडं आव, बाळ." मी ऑफिसातून आले की हे कानावर पडायचं आणि मी दुरुस्त करायचे. शाळेतल्या मुलीला सुधारावं तसं सत्तरीच्या बाईला सुधारायचे. मग त्या बोलायच्या थांबल्या. दुपारी जुई शाळेतून आली की चार तास त्या दोघीच घरात असायच्या. आजी वाटी समोर ठेवायच्या, जुई खायची, आजी वाटी उचलायच्या. बहिणीशी फोनवर बोलायचं झालं तर बाल्कनीत जाऊन सरकतं दार लावून घ्यायच्या, जानेवारीच्या थंडीतसुद्धा. मी म्हणायचे, किती शिस्त आली घराला. चार वर्षं असं चाललं.

जुई तिसरीत गेली आणि तिच्या शाळेत स्पेशल एज्युकेटर म्हणून तुम्ही रुजू झालात. मला वाटलं नव्हतं तुम्ही ओळखाल. तुम्ही जुईला बघितलंत आणि म्हणालात, "ट्रकचं चाक." जिन्याखालची खेळाचं सामान ठेवायची खोली तुम्ही मागून घेतलीत, तिथली जाळी आणि फुटके स्टंप बाहेर काढलेत, ट्यूबलाइट लुकलुकते म्हणून बदलून घेतलीत. पाचवीपर्यंतच्या वर्गांची घंटा त्याच जिन्यात वाजायची आणि जुई दर वेळी कान धरून टेबलाखाली जायची. तुम्ही घंटा बंद करायची मागणी केली नाहीत. शिपायाला सांगितलंत, घंटेआधी दोन मिनिटं दारातून नुसता हात दाखवून जा. दोन महिन्यांत जुई हात दिसला की स्वतःच कान झाकायला लागली, टेबलाखाली जाणं संपलं. मुख्याध्यापिकांना वाटलं मूल सुधारलं. तुम्ही म्हणालात, "मूल तेच आहे. आपण तिला आधी सांगायला लागलो, एवढंच."

आपले वाद तिथे सुरू झाले. तुमचा नियम होता, जुईला काही सांगितलं की मनात दहा मोजायचे आणि तोवर तोंड उघडायचं नाही. मी चारवर यायचे आणि परत सांगायचे. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचात. दुसरा वाद कौतुकाचा. तुम्ही तिला कधी 'गुड गर्ल' म्हणाला नाहीत. 'तू पेन्सिल डब्यात ठेवलीस' एवढंच म्हणायचात. मी म्हणायचे, "ताई, एवढी कंजुषी कशाला? पोरीला बरं वाटेल." तुम्ही म्हणायचात, "काय केलं ते सांगितलं की तिला कळते. गुड गर्ल म्हणजे नेमकं काय, हे तं मलाच आजवर कळलं नाही." हा वाद काही मिटला नाही. मी अजूनही तिला चोरून शाबास म्हणते, आणि ती अजूनही माझ्याकडे दुर्लक्ष करते.

मग तुम्ही म्हणालात, घरी यायचंय, एखाद्या रविवारी. मी म्हटलं, या ना, पोहे करते. तुम्हाला पोहे खायचे नव्हते, तुम्हाला जुईचं घर बघायचं होतं. शाळेत ती हिंदीत दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला लागली होती, पण घरातल्या एकाही वस्तूबद्दल, घरातल्या एकाही माणसाबद्दल ती बोलत नव्हती, आणि ते तुम्हाला खटकत होतं.

तो रविवार मला पाठ आहे. तुम्ही सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलाशी बसलात. आजी आतून दुधाची वाटी घेऊन आल्या, जुईसमोर ठेवली, बाजूला उभ्या राहिल्या. जुई दूध प्यायली. आजींनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि वाटी उचलली. तुम्ही बघत होतात. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात होते.

"आजी, तुम्ही हिच्याशी बोलत नाही?"

आजी हसल्या. "बंदी हाय मला."

"कोणाची?"

"तुमचीच की," आजी म्हणाल्या. रागाने नाही. वारं कुठून येतं हे सांगावं तशा.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी बशा खाली ठेवल्या. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तुम्ही उठून आजींजवळ गेलात आणि त्यांचा वाटीचा हात धरलात. "आजी, माझं चुकलं. आता आम्ही असं सांगत नाही कोणाला. पण तेव्हा सांगितलं, आणि तुम्हाला चार वर्षं मुकं ठेवलं मी. माझं फार चुकलं." आजी गडबडून म्हणाल्या, "असू द्या हो. चुकतं माणसाचं." आणि मी, ताई, मी काय केलं? मी तुमच्यावर ओरडले. म्हटलं, "असू द्या कसं? चार वर्षं गेली त्यांचं काय? तुमच्या भरवशावर बसलो आम्ही. ती चार वर्षं कोण परत देणार?" महेश मला आत ओढत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. तुम्ही ऐकून घेतलंत. स्वतःची बाजू मांडायला एक शब्द बोलला नाहीत. पोहे तसेच राहिले.

दुसरी कुणी असती तर आमच्या घराकडे फिरकली नसती. तुम्ही बुधवारी शाळेत आजींनाच बोलावलंत. आजी पहिल्यांदा इरकल नेसून, देवळात निघाल्यासारख्या तयार होऊन गेल्या. तुम्ही त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवलीत आणि म्हणालात, "प्रश्न विचारायचे नाहीत. हे काय, ते काय, बोल ना, काही नाही. तुम्ही जे करताय ते नुसतं बोलत राहा. घरी एकट्या असताना बोलता तसं." आजींना हे जमण्यासारखंच होतं. "ही जुडी सोडली. ही मुळं, मातीची. हे पान चांगलं. हा देठ, जाड, हा फेकायचा. हे पान किडकं, हेबी फेकायचं." घरी रोज दुपारी तेच सुरू झालं. मेथी नसली तर तांदूळ, तांदूळ नसले तर कपड्यांच्या घड्या. चार वर्षांचं साठलेलं बोलणं होतं. महेश म्हणायचा, आई रेडिओ झाली यार.

सात-आठ आठवड्यांनी मी ऑफिसात असताना तुमचा मेसेज आला, 'अभिनंदन, आजींचा फोन आला होता.' मला काहीच माहीत नव्हतं. घरी फोन केला तर आजी म्हणाल्या, जुईने दुपारी शेपूचा देठ उचलला, दहा-बारा वेळा वास घेतला आणि म्हणाली, "फेकायचा." मग उठून स्वतः फेकून आली. मी विचारलं, "मला का नाही आधी सांगितलंत?" आजी म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं होतं, काही झालं की कळवा." मला आनंद झाला आणि रागही आला, आणि राग जास्त होता हे मी आज कबूल करते. माझ्या मुलीचा पहिला मराठी शब्द माझ्या सासूने माझ्याआधी तुम्हाला सांगितला. पण त्या घरात माझ्याशी बोलायची सवय मीच मोडली होती, तर त्यांनी दुसरं काय करायचं?

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आम्हाला दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये घेऊन गेलात. मला वाटलं जेवायला. तुम्ही काउंटरच्या अलीकडेच सांगितलंत, तिच्यासाठी कोणी ऑर्डर द्यायची नाही. दुपारची वेळ, मागे सरकारी आयकार्डं गळ्यात घातलेल्या लोकांची रांग. जुई काउंटरची कड नखाने खरवडत उभी. मागच्या एकाने "जरा जल्दी" म्हटलं तर तुम्ही नुसता तळहात दाखवलात. मी मनात दहा मोजले, मग परत दहा. काउंटरवरचा माणूस आतल्या पोऱ्याशी मराठीत बोलत होता ते जुई ऐकत असावी. ती म्हणाली, "आजीला थालीपीठ. मला वडा." त्या माणसाला यात काही विशेष वाटलं नाही. त्याने टोकन दिलं. मी हात धुवायच्या बेसिनशी जाऊन उभी राहिले, कारण मला रांगेसमोर रडायचं नव्हतं. परत आले तेव्हा तुम्ही आजींना सांगत होतात, "पाहा, कुठं कोणती भाषा चालते ते तिला कळते. आपल्यालाच कळत नव्हतं."

त्यानंतर तुम्ही तुमची ती चूक सगळ्यांना सांगायला लागलात. दर पालकसभेत, नव्या आयांना, शिकायला येणाऱ्या मुलींना. "घर की भाषा मत छुड़वाइए. मैंने छुड़वाई थी. एक घर में दादी को चार साल चुप करा दिया मैंने." नाव घ्यायचा नाहीत, पण मी दुसऱ्या रांगेत बसलेली असायचे. त्यामुळे किती आज्या आणि किती आया आपापल्या भोजपुरीत, बंगालीत, हरियाणवीत परत बोलायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. म्हणून मी गप्प बसले, असं स्वतःला सांगत आले. गोष्ट कामाची आहे, कशाला मोडायची.

आता ते दारातलं वाक्य.

सेंटरच्या दारात तुम्ही विचारलंत, "घरात आणखी कोण असतं?" मी म्हटलं, सासूबाई, त्यांना हिंदी येत नाही. तुम्ही म्हणालात, "मग त्यांना राहू द्या. आजीने आपल्या भाषेत लाड केले तर काही बिघडत नाही. तुम्ही दोघं हिंदी धरा." महेश जिना उतरायला पुढे गेला होता. ऐकलं फक्त मी. आजींवर बंदी तुम्ही घातलीच नव्हती, ताई. ती मी घातली, तुमच्या नावाने.

कारण सांगते, सबब म्हणून नाही. जुई बोलत नव्हती त्या दोन वर्षांत आजी खूप बोलायच्या. "आई दिवसभर ऑफिसात, मग लेकरू बोलणार कुणाशी?" हे मला थेट कधी म्हणाल्या नाहीत. बहिणीला फोनवर म्हणायच्या, शेजारच्या खोलीत मला ऐकू जाईल अशा आवाजात. शनिवारी मीठ-मिरच्या उतरवायच्या आणि म्हणायच्या, आमच्याकडं असं कुणाचंच मूल नव्हतं. मी घरी यायचे तीच दारात अंग आखडून. आणि त्या दिवशी तुमच्या सेंटरचा जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की आता माझ्याकडे शिकलेल्या बाईचा आदेश आहे. अर्धा सांगितला तर आजींचं तोंड बंद होतं. जुईचं नुकसान करावं असं माझ्या मनात नव्हतं. मला घरात शांतता हवी होती, आणि ती मला मिळाली.

तुम्हाला ते वाक्य आठवत नव्हतं. दिवसाला सात-आठ घरं तुमच्यासमोर बसायची, दारात कुणाला काय म्हटलं ते कसं लक्षात राहणार? आजींनी "तुमचीच की" म्हटल्यावर तुम्ही शोधत बसला नाहीत, सगळं स्वतःवर घेतलंत. तुमच्या सल्ल्यातही चूक होती, ती तुमची. पण आजींना मुकं करणं त्यात नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये मी दोनदा आले. दुसऱ्यांदा ठरवून आले होते. तुम्ही फार वाळला होतात, पण जुईच्या सहावीबद्दल विचारत होतात, वर्ग वरच्या मजल्यावर जाणार, तिथली घंटा वेगळी, कुणाला सांगून ठेवलंय का. तुमचे मिस्टर संत्रं सोलत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आजींना सांगा, माझ्याकडून चुकलं ते अजून मनात आहे." आणि माझ्या तोंडून काय गेलं? "असू द्या हो ताई. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही." मी मोठ्या मनाने तुम्हाला माफ केलं. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. तुम्हाला बरं वाटलं असावं. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गेल्या रविवारी तुमच्या सरकारी कॉलनीच्या हॉलमध्ये सभा झाली. त्रिशरण, पंचशील झालं, मग लोक बोलायला उठले. तुमच्या हाताखाली तयार झालेली रितिका उठली आणि तीच गोष्ट तिने सांगितली. "मैडम ने अपनी ग़लती कभी छुपाई नहीं. एक दादी को चार साल चुप कराया था, ये वो ख़ुद बताती थीं." लोकांच्या माना हलल्या. तुमचे मिस्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. ती दादी तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. मग मला बोलवलं. मी चांगलं बोलले. ताईंनी माझ्या मुलीला आवाज दिला वगैरे. एक-दोघींनी नंतर हात धरून सांगितलं, बहुत अच्छा बोला आपने.

घरी आल्यावर आजींनी चहा ठेवला. जुई आत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगितलं. दारातलं वाक्य सांगितलं, जिन्यावरचं सांगितलं, सगळं. आजींनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "चार वर्षं मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं लेकरू बिघडतंय. झोपेत बोलले तर, म्हणून मी तिच्याजवळ झोपायची बंद झाले."

हे मला माहीत नव्हतं. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला सांगून तुझं हलकं झालं," आजी म्हणाल्या. "त्या बाई मात्र घेऊन गेल्या. बाईंना सांगायचं होतंस."

त्यांनी चहा गाळला. माझा कपही भरला, पण हा आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आता आपणहून न बोलण्याची पाळी त्यांची आहे, आणि ते मला सोसायला हवं.

म्हणून हे लिहिते आहे, ताई. तुम्हाला पोचणार नाही हे कळतं. तुम्ही मेलात, तुमचं शरीर बंद झालं, हे मीच जुईला सांगितलंय. पण तुमची गोष्ट अजून सांगितली जातेय, तुमच्या नावाने, आणि रितिका ती पुढची वीस वर्षं सांगेल. काल तिला फोन करून विचारलं, शनिवारच्या पालकसभेत मला पाच मिनिटं मिळतील का. ती म्हणाली, बिल्कुल आंटी, मॅडम के बारे में बोलेंगी? मी म्हटलं, हो, आणि माझ्याबद्दल.

रात्रीच्या भाकऱ्या करताना आजींना सांगितलं की शनिवारी अकरा वाजता शाळेत जाणार आहे, सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "नाहीतर परत अर्धंच सांगशील."